कॉपी होईपर्यंत

माझ्या नवऱ्याला आमच्या धंद्यात सगळे 'आधीच' म्हणायचे. अमुक कॅमेरा आलाय म्हणे बाजारात, असं कुणी म्हटलं की हा म्हणायचा, "आपल्याकडे आहे आधीच." अमुक केबल? "मागवलीये आधीच." हे पालुपद इतकं ठरलेलं होतं की लोकांनी त्याचं नावच करून टाकलं. त्यावर मी सगळ्यांसमोर खदाखदा हसले, म्हणून सूड उगवायला त्याने माझं नाव 'सावकाश' ठेवलं. ते फक्त तोच वापरायचा. माझे हात सावकाश आहेत हे मला मान्य आहे. तोंड नाही, हे त्याला मान्य होतं.

आम्ही दोघं मिळून लग्नांच्या फिल्म जोडायचो. शूटिंग दुसरे लोक करायचे आणि टेपांची पिशवी आमच्या दारात आणून टाकायचे. त्यातून कुणाचा कंटाळलेला काका कापायचा, कुणाची रुसलेली मावशी लपवायची, आणि सगळं घर आनंदात न्हाऊन निघालंय असं दिसेल अशी तासाभराची फिल्म करून द्यायची, हे आमचं काम. घर दुसऱ्या मजल्यावर. पुढची खोली कामाची, तिच्या खिडकीला कायम काळं कापड. आतल्या दोन खोल्या राहायच्या, त्यातली एक सासूबाईंची. आणि स्वयंपाकाच्या ओट्याशेजारच्या दारातून खाली उतरणारा लोखंडी जिना. जिन्याखाली बाटल्या धुण्याच्या कारखान्याचं अंगण होतं, तिथे दिवसभर काचेवर काच वाजायची.

त्या काळी तासाभराची टेप कॉम्प्युटरमध्ये घ्यायला तासच लागायचा. टेप आपल्या चालीने चालणार आणि कॉम्प्युटर ती बघत बघत लिहून घेणार. मधे कुणी माऊसला हात जरी लावला तरी चित्राचे तुकडे गळायचे आणि सगळं पहिल्यापासून. त्यामुळे टेप लावली की आम्ही दोघं त्या खोलीतून पाय न वाजवता बाहेर पडायचो, चहाचे कप घ्यायचो आणि जिन्यावर जाऊन बसायचो. तो वरच्या पायरीवर, मी एक पायरी खाली, पाठ त्याच्या गुडघ्यांना टेकवून.

आमचा संसार त्या जिन्यावर झाला असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. सासरे गेल्यावर तो घरात रडला नाही, जिन्यावर रडला. मूल होणार नाही हे कळलं तेव्हाही आम्ही तिथेच होतो, आत कुणाच्या तरी बारशाची टेप चालू होती. आमची भांडणंसुद्धा टेपच्या मापाची असायची. मशीन खट्ट करून थांबलं की भांडण जिथे असेल तिथे सोडून आत जायचं, आणि उरलेलं पुढच्या टेपला. पुढच्या टेपपर्यंत बहुतेक वेळा दोघंही विसरलेले असायचो की कुणी कुणाला काय म्हटलं होतं.

पुढे टेपा गेल्या आणि कार्डं आली, डबे आले. डबे म्हणजे ते हार्ड डिस्कचे काळे डबे. शूटिंगवाले ते आणून द्यायचे आणि आम्ही साध्या यूएसबीने त्यातलं आपल्याकडे कॉपी करून घ्यायचो. एक मोठं लग्न कॉपी व्हायला अख्खी दुपार जायची. स्क्रीनवर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत राहायची. मला त्या पट्टीचा राग कधीच आला नाही. त्याचा मात्र जीव वरखाली व्हायचा. "अर्धं आयुष्य ही पट्टी बघण्यात जाणार आपलं," असं म्हणत तो जिन्यावर येऊन बसायचा. आणि मग बसल्यावर गप्पांत रंगायचा, ही गोष्ट वेगळी.

मग एक दिवस त्याने वाचलं की नवं जोडणीचं तंत्र येतंय. यूएसबीच, पण तिसऱ्या पिढीची, आधीच्यापेक्षा दहा पट जोरात. त्याच्या प्लगच्या तोंडातली जीभ निळी असते, त्यावरून ओळखायचं. झालं. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. सासूबाईंनी विचारलं, "अरे, निळी जीभ म्हणजे आजारी आहे का कुणी?"

आमच्या घरी सगळ्यात आधी निळ्या वायरीचा डबा आला. तो लावायला आमच्या कॉम्प्युटरला निळं भोकच नव्हतं. तो डबा फडताळात तसाच बसून राहिला, मांडव घालायच्या आधी येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा. मग कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं कार्ड आलं. ते बसवलं तर कॉम्प्युटर त्याला ओळखच देईना. त्याने कुठून कुठून प्रोग्रॅम उतरवून घातले, कार्डवाल्यांशी फोनवर हुज्जत घातली. ते लोकही नवेच, त्यांना ह्याच्याइतकंही माहीत नव्हतं. शेवटी ओळख पटली, तर आमची लांब केबल चालेना, तिला म्हणे दमच पुरत नव्हता. वीतभर केबल आणली तर डबा टेबलाच्या कडेला लोंबकळायला लागला, म्हणून त्याखाली त्याने सासूबाईंचा पाट ठेवला. पाट शोधताना सासूबाईंच्या नाकी नऊ आले. तो कुठे आहे ते आम्हा दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर जेव्हा ते चालू झालं, तेव्हा ते जुन्याच वेगाने चाललं.

तो डोक्याला हात लावून बसला. दोन दिवस त्याने जंग जंग पछाडलं. गंमत अशी होती की त्याने स्वतः वायर लावली की डबा धावायचा, आणि मी लावली की रांगायचा. मला वाटलं हा मुद्दाम बोलतोय. पण खरंच तसं होत होतं. शेवटी कारण सापडलं तेव्हा तो हसून हसून जमिनीवर बसला.

त्या प्लगमध्ये पितळेच्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात. तोंडाशी जुन्या, आत खोलवर नव्या. प्लग हळूहळू आत सारला तर कॉम्प्युटरला आधी जुन्या पट्ट्या लागतात. त्याला वाटतं, जुनाच पाहुणा आलाय, आणि तो जुन्या वेगाने कामाला लागतो. मग मागून नव्या पट्ट्या येऊन टेकल्या तरी तो त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. प्लग एका झटक्यात, थेट शेवटपर्यंत घातला, तरच नवा वेग मिळतो. मला मोडतोडीची भीती, म्हणून मी तो दोन बोटांत धरून अलगद सारायची.

"सावकाश, तू प्लग लावतेस की सुईत दोरा ओवतेस?" तो म्हणाला. "एका झटक्यात घालायचा. असा."

"तोडशील एक दिवस."

"तुटला तर नवा आणू. मागवलाय आधीच."

मला ते शेवटपर्यंत नीट जमलं नाही. दर वेळी तो माझ्या हातून वायर काढून घ्यायचा, खट्ट करून परत घालायचा आणि माझ्या डोक्यावर टपली मारायचा. त्या टपलीसाठी मी कधीकधी मुद्दामही सावकाश लावायची.

ज्या दिवशी नव्या वेगाने पहिलं लग्न कॉपी केलं, तो दिवस मला लख्ख आठवतो. पट्टी सुरू झाली आणि सवयीने मी उठून चहा टाकला. दोन कप घेऊन जिन्याच्या दाराशी पोचले, तर आतून तो ओरडला, "झालं!" मी म्हटलं, काय झालं? तो दारात आला. चेहरा असा उजळलेला, जसं काही ते तंत्र त्यानेच शोधून काढलंय. मला कमरेला धरून त्याने गिरकी घेतली, अर्धा चहा माझ्या हातावर सांडला. "अगं, अख्खी दुपार वाचली आपली! कळतंय का तुला? अख्खी दुपार!"

"मग आता करायचं काय?" मी विचारलं. मला खरंच वाटलं होतं की तो म्हणेल, चल, बसू.

तो म्हणाला, "पुढचं काम."

मी चटका बसलेला हात नळाखाली धरला आणि लागतो त्याहून जास्त वेळ धरून ठेवला.

वाचलेली दुपार आमच्या वाट्याला कधीच आली नाही. त्या जागी दुसरं लग्न आलं, मग तिसरं. आमच्याकडे काम लवकर होतं हे कळल्यावर पिशव्यांची रीघ लागली. धंद्यातले बाकीचे लोक आपापले डबे घेऊन नुसते कॉपी करायला यायचे. हा त्यांना प्लग एका झटक्यात कसा घालायचा ते शिकवायचा आणि ते माना डोलवायचे. त्याचा वेळ कसा मजेत जायचा. वाईट वाटण्यासारखं काहीच नव्हतं त्यात, म्हणून मला वाईट वाटतंय हे मी कुणाला सांगू शकत नव्हते. जिन्यावर सासूबाई कपडे वाळत घालायला लागल्या.

मग ज्या कंपनीशी त्याने कार्डावरून हुज्जत घातली होती, तिनेच त्याला तिच्या शहरात कामाला बोलावून घेतलं. नव्या नव्या जोडण्या लोकांना करून दाखवायच्या, प्रदर्शनं भरतात तिथे, कॉलेजात, ऑफिसांत. तो म्हणाला, "सहा महिने बघतो." त्याच्या डोळ्यात जी चमक होती ती बघून नाही म्हणणारी मी कोण? त्याने 'चल' म्हटलं नाही आणि मी 'येऊ का' विचारलं नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या की त्या हे घर सोडून कुठे जाणार नाहीत. त्यांचा तो हट्ट आम्हा दोघांच्याही सोयीचा ठरला.

आधी तो दर आठवड्याला यायचा, मग महिन्याने, मग जमेल तसं. निळी जीभ जुनी झाली. तिच्या मागून बारीक तोंडाची जोडणी आली, कुठल्याही बाजूने घाला, चालते. तिच्याही मागून आणखी जोरातली. तो कायम पुढच्या जोडणीपाशी असायचा आणि मी निळ्या भोकाच्या त्या जुन्या कॉम्प्युटरपाशी. भांडलो नाही आम्ही. भांडायला लागणारा वेळच कधी हाताशी नसायचा. फोनवर तो विचारायचा, आई कशी आहे, तू कशी आहेस, काम आहे का. मी म्हणायचे, आहे. मग पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारायचं.

त्याची वाट बघणं मी कधी थांबवलं नाही. हे मी कुणापाशी कबूल केलं नसतं, पण जिन्यावर पाऊल वाजलं की माझा हात थांबायचा. तो तर पुढच्या दाराने येणार हे माहीत असूनही.

गेल्या महिन्यात फोन आला. "रविवारी दुपारी येतोय. सहाच्या गाडीने परत. जुनं सगळं काम न्यायचंय."

"कुठलं काम?"

"आपलं. सगळ्या फिल्म, पहिल्यापासून. नव्या जोडणीचा डेमो करायचा तर काहीतरी मोठं लागतं कॉपी करायला. वजनदार. खोट्या फायली घालून लोकांना मजा येत नाही. आपल्याकडे एवढं पडलंय, म्हटलं तेच वापरू."

वजन म्हणून. आमची एवढी वर्षं ह्याला वजन म्हणून हवी होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी एवढंच म्हटलं, "ये." आणि फोन ठेवल्यावर मला दुसरीच गोष्ट सुचली, आणि तिने आगच विझवली. ह्या घरात त्याचं जे काही अडकलेलं होतं, ते ह्या फिल्मच होत्या. एखादं जुनं गिऱ्हाईक कॉपी मागायचं, एखादा तुकडा लागायचा, त्या निमित्ताने फोन यायचा, खेप व्हायची. एकदा सगळं त्याच्या खिशात गेलं की इथे यायला निमित्त उरणार नव्हतं. आईला भेटायला येईल, पण आईला व्हिडिओवरही भेटता येतं. आणि मी काय, मी तर इथेच असते.

रविवारपर्यंत मी दोन गोष्टी ठरवल्या. एक म्हणजे, त्याला थांब म्हणायचं नाही. आणि दुसरी, वायर मी स्वतः लावायची, एका झटक्यात. मला जमत नाही म्हणून वेळ लागतोय, असं त्याला वाटायला नको. मी एक रिकामा डबा घेऊन चक्क सराव केला. खट्ट, खट्ट. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय फोडतेस गं?"

तो आला तेव्हा केस पुढून आणखी मागे गेलेले होते. सदरा नवा, पण मनगटाचं एक बटण सैल झालेलं. माझे डोळे त्या बटणावरच अडकले. त्याने आईला मिठी मारली, माझ्याकडे बघून हसला आणि खिशातून काडेपेटीएवढा डबा काढला. "ह्यात आपल्यासारखी दहा घरं मावतील," तो म्हणाला.

"आपलं एकच आहे," मी म्हटलं. "वायर दे."

त्याने त्या काडेपेटीची वायर पुढे केली. एका टोकाला नवं बारीक तोंड, दुसऱ्या टोकाला आमच्या कॉम्प्युटरसाठी जुनं निळं. मी ते निळं तोंड धरलं आणि एका झटक्यात शेवटपर्यंत घातलं. खट्ट. पट्टी धावायला लागली. स्क्रीनवर आलं, दहा मिनिटं.

त्याचा हात अर्धा वर आला होता. माझ्या हातून वायर काढून घ्यायला, किंवा टपली मारायला, काय ते त्यालाच ठाऊक. तो हात त्याने खाली घेतला.

"शिकलीस," तो म्हणाला.

"शिकले."

आम्ही दोघं उभे राहून पट्टी बघत होतो. दहा मिनिटांत कुणी बसतं का? सासूबाईंनी दारातून विचारलं, "जेवायला आहेस ना रे रात्री?" तो म्हणाला, "नाही आई, सहाची गाडी आहे." आत जाऊन त्यांनी भाजी चिरायला घेतली, आणि विळीच्या आवाजावरून कळत होतं की त्या किती रागावल्यात.

पट्टी संपली. त्याने डब्यात काय काय आलं ते उघडून बघितलं. सगळ्या फिल्म होत्या, वर्षांवर वर्षं. तो खालीवर करत राहिला आणि मग म्हणाला, "उरलेलं कुठंय?"

'उरलेलं' हे आमच्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरचं नाव आहे. ते मी केलं होतं, अगदी सुरुवातीला. फिल्म जोडताना जे कापायचं ते मी टाकून द्यायची नाही, त्यात घालून ठेवायची. कॅमेरा सुरू झालाय हे माहीत नसलेले चेहरे. बहिणीचा पदर नीट करता करता मधेच थांबून तिच्याकडे बघत राहिलेली बहीण. एकटाच खुर्च्या मोजत फिरणारा बाप. टेपच्या शेवटी कॅमेरावाला मशीन बंद करायला विसरायचा, तेव्हा टिपलेली रिकामी सभागृहं. कामाचं थोडं असतं आणि उरलेलंच फार, त्यामुळे ते फोल्डर फिल्मच्या चौपट झालं होतं. त्यात आमचाही एक तुकडा होता. नवा कॅमेरा तपासायला त्याने तो जिन्याकडे तोंड करून ठेवला आणि कॅमेरा तसाच चालू राहिला. पाऊण तासभर फक्त आमच्या पाठी, आणि खाली बाटल्यांचे आवाज.

"ते नाही घातलं," मी म्हटलं. "तुला वजन हवं होतं. ते वजन नाहीये."

त्याने ती यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत सरकवली. मग स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "तिथे काय होतं माहितीये? मी प्लग घालतो. स्टेजवर मोठ्या पडद्यावर पट्टी येते आणि चुटकीसरशी भरते. लोक टाळ्या वाजवतात. मग पुढचा गट येतो. दिवसभर." तो थांबला. "कॉपी होईपर्यंत बसू, असं मला कुणी म्हणतच नाही गं. होईपर्यंत असं काही राहिलंच नाहीये."

"ते तूच संपवलंस," मी म्हटलं. माझं तोंड सावकाश नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलंय.

"हो," तो म्हणाला. "मीच."

मला म्हणायचं होतं, थांब. एवढा एकच शब्द होता. पण मी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मोडायला लागणारं बळ माझ्यापाशी त्या क्षणी नव्हतं. घड्याळात साडेचार होऊन गेले होते. मी खुर्चीत बसले आणि 'उरलेलं' फोल्डर शोधून स्क्रीनवर आणलं. डबा त्याने तोवर काढून खिशात टाकला होता.

"घे," मी म्हटलं. "हेही ने. लाव तुझी वायर. पाऊण तासात होईल, गाडी मिळेल तुला."

त्याने खिशातून काडेपेटी काढली. वायर सोडवली. निळं तोंड आमच्या भोकापाशी नेलं आणि तिथे त्याचा हात थांबला. मला वाटलं त्याला भोक दिसत नाहीये, चष्मा विसरला असेल. मी दिवा त्याच्या बाजूला वळवला.

मग त्याने तो प्लग दोन बोटांत धरला आणि अलगद आत सारला. जेमतेम टोक आत गेलं. थांबला. मग आणखी थोडा. सुईत दोरा ओवावा तसा. जो माणूस गेली कित्येक वर्षं शेकडो लोकांना एका झटक्यात, एका झटक्यात असं घोकून शिकवत आलाय, तो हे करत होता. कॉम्प्युटरने टिंग केलं. जुना पाहुणा आलाय, असं त्याला वाटलं. मग त्याने प्लग शेवटपर्यंत टेकवला.

मी कॉपी सुरू केली. पट्टी मुंगीच्या पावलांनी निघाली. स्क्रीनवर आलं, पावणेसात तास.

"हळू घातलास," मी म्हटलं. "काढ, परत लाव. अजून वेळ आहे."

"असू दे."

"सहाची गाडी आहे तुझी."

"असू दे गं, सावकाश."

ते नाव मी किती वर्षांनी ऐकलं. मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला, कॉपी चालू असताना त्याला धक्का लागायला नको होता. आतला विळीचा आवाज थांबला होता. सासूबाई कान देऊन ऐकत होत्या, त्याशिवाय तो थांबला नसता.

"किती वेळ लागेल रे?" त्यांनी आतूनच विचारलं.

"बराच, आई," तो म्हणाला.

"मग जिन्यावरचे कपडे काढते मी," त्या म्हणाल्या, आणि लगबगीने उठल्या.

मी चहा टाकला. पावणेसात तास म्हणजे फार नव्हे, हे मला कळत होतं. त्यानंतर रात्रीचीही एक गाडी होती आणि ती त्याला माहीत असणार, हेही कळत होतं. एवढ्या वर्षांचं बोलायचं पावणेसात तासांत संपणार नव्हतं आणि मला ते पुरणारही नव्हते. मला हा माणूस पूर्ण हवा होता, टेपच्या मापाने नको होता. पण समोर आधणाला उकळी येत होती आणि ह्या वेळी आतून कुणी 'झालं' म्हणून ओरडणार नव्हतं.

दोन कप घेऊन मी दाराशी गेले. तो वरच्या पायरीवर बसला होता, गुडघे जवळ घेऊन. मनगटाचं ते बटण आता एका दोऱ्यावर लोंबत होतं. खाली बाटल्या वाजत होत्या. त्याने माझ्या हातातला एक कप घेतला आणि मी एक पायरी खाली उतरून बसले.

"पट्टी बघून येऊ का, कुठवर आलीये?" थोड्या वेळाने मीच विचारलं.

"नको," तो म्हणाला.